खांडेनवमीला पुजलेली सायकल

भाटघरचं धरण मी चार वेळा पाहिलं आणि चारही वेळा पाण्याकडे पाठ करून. आंबवड्याचा झुलता पूल दोनदा पाहिला, तोही तसाच. इतक्या देखण्या मुलखात राहून मी झापडं लावल्यासारखी हिंडले, कारण माझे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे एका सायकलच्या कॅरियरला चिकटलेले असायचे आणि त्या सायकलवर माझा नवरा असायचा.

भोरला लोक मात्र समजायचे की मास्तर आणि मास्तरीणबाई स्थळं बघत हिंडतात. हौशी जोडपं, दुसरं काय!

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. भोरला तेव्हा संस्थान होतं. हे चार वर्षं वेल्ह्याच्या पलीकडे एका वाडीत एकशिक्षकी शाळेवर होते. शाळा देवळाच्या सभामंडपात भरायची आणि सुटल्यावर त्याच सभामंडपात हे पथारी पसरायचे. तिथं बायको कुठं ठेवणार? म्हणून लग्नानंतर दीड वर्ष मी सासरी गावाकडे. सासूबाई वाईट नव्हत्या. पण त्यांना झोप कमी आणि मला जास्त, एवढ्या एका गोष्टीवरून दोन माणसांचं आयुष्यभर बिनसू शकतं. पुढं यांची शाळा तपासायच्या कामावर तात्पुरती नेमणूक झाली. गावोगाव अशा तपासनिसाला, म्हणजे डेप्युटीला, ‘दिपोटी’ म्हणत. आम्ही नीरेच्या काठाशी दोन खोल्या घेतल्या, मी माझी चूल मांडली आणि पहिल्याच दिवशी सूर्य चांगला वर येईपर्यंत झोपले. ते सुख मी अजून विसरलेली नाही.

आता शाळाखात्याचे साहेब. माणूस विद्वान, मनानं चांगला, पण शिकायला म्हणून जर्मनीत राहून आलेला. तिथल्या कुठल्याशा नदीकाठच्या गावात त्यांनी दिवस काढले होते आणि ते गाव काही त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. तिकडे म्हणे नदीच्या काठाकाठानं रस्ता, रस्त्यावर सायकली. पोस्टमन सायकलवर, पाद्री सायकलवर, सुईणसुद्धा सायकलवर. रविवारी लोक डबे बांधून किल्ले बघायला निघतात, तेही सायकलवर. आपल्याकडे नदी आहे, किल्ल्यांना तर तोटाच नाही, मग अडलंय कुठं, असं साहेब विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे नाहीत.

त्यांनी फर्मान काढलं की तपासनिसांची घोडी बंद, यापुढे दौरा सायकलवर. दसऱ्याला सकाळी सातला सगळ्यांनी आपापली सायकल घेऊन हजर व्हायचं आणि साहेबांबरोबर भोरहून थेट बनेश्वराच्या देवळापर्यंत जायचं. हेच खात्याचं सीमोल्लंघन. जो पोचेल त्याची नेमणूक कायम, जो पोचणार नाही त्यानं आपल्या जुन्या शाळेवर परत. म्हणजे हे सभामंडपात आणि मी सासूबाईंच्या चुलीपुढे.

आणि यांना सायकल येत नव्हती.

श्रावणात खात्यानं सायकल हातात दिली. पहिले आठ दिवस यांनी ती बाजारातून नवी गाय आणल्यासारखी हातात धरून भोरभर फिरवली. पंक्चर झालंय का, असं कुणी विचारलं की हे मान डोलवायचे. भोरच्या रस्त्यांवर कुणी खिळे पेरलेत की काय, अशी गावात चर्चा सुरू झाली. एक दिवस हे कोपर सोलून घरी आले तेव्हा मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की मला सायकल येते. लग्नाआधी पुण्याला मामाची सायकल दुपारी अंगणात उभी असायची आणि मामा झोपलेला असायचा. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला की दांड्याची सायकल काही अवघड नाही.

यांनी सोललेल्या कोपरावर फुंकर घातली. मग हळूच म्हणाले, “तुला उतरताही येतं?”

तिथून आमची स्थळदर्शनं सुरू झाली. दर रविवारी मी डबा बांधायचा, यांनी सायकल हातात धरायची आणि गावातून संथपणे चालत बाहेर पडायचं. गाव मागं पडलं, रस्त्यावर चिटपाखरू दिसेना की मी कॅरियर धरायची आणि हे वर चढायचे. बाई नवऱ्याला सायकल शिकवते हे कळलं असतं तर भोरमध्ये यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. निदान तेव्हा आम्हा दोघांची तशी खात्री होती.

संध्याकाळी शेजारच्या काकू उलटतपासणीला हजर. आज काय बघितलंत, धरणाला दारं किती, पूल हलतो म्हणतात तो कसा हलतो? मी काय सांगणार, कपाळ! मी ठोकून द्यायची. एकदा मी सांगितलं की पूल फार हलतो, माझा जीव घाबरला. त्यावर काकू म्हणाल्या की त्या गेल्या तेव्हा तर मुळीच हलला नव्हता. पुढचे आठ दिवस त्या माझ्याकडे संशयानं बघत होत्या.

यांना तोल येत नव्हता असं नाही. महिन्याभरात तोल आला, पायडल जमलं, वळण बरं घ्यायला लागले. अडचण वेगळीच होती. हा माणूस जन्माचा आदबशीर. समोरून कुणी आलं आणि “रामराम मास्तर” म्हणालं की यांचे दोन्ही हात आपोआप जोडले जायचे. एका हातानं कसला नमस्कार, असं यांचं म्हणणं. हात जोडले की हँडल सुटायचं, हँडल सुटलं की मास्तर खाली. आणि चार वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला ओळखत नाही असा माणूस त्या भागात होता कुठं? मी सांगून थकले की नुसती मान हलवा. त्यांना ते उर्मटपणाचं वाटायचं.

खांडेनवमी आली. दुसऱ्या दिवशी दसरा. कचेरीला सुट्टी होती, म्हणून आम्ही रंगीत तालीम करायचं ठरवलं. निर्जन रस्ता असला की मी चालवायची आणि हे मागं बसायचे. सपाटी आली की हे चालवायचे आणि मी मागून पळायची. वस्ती दिसली की दोघं खाली उतरून सोज्वळपणे चालायला लागायचो. भात निसवून लोंब्या आल्या होत्या, बांधांवर पिवळी फुलं माजली होती, हवा अशी की नुसतं गात जावं. मी आपली धापा टाकत कॅरियरचे खिळे मोजत होते.

कापूरहोळच्या अलीकडे एक उतार आहे. त्या उतारावर हे सुटले आणि काय सांगू, पहिल्यांदाच झोकात चालले होते. पाठ ताठ, हँडल सरळ. मी मागं राहिले आणि मला इतका आनंद झाला की मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून टाळ्या वाजवल्या. उताराच्या तळाशी एक वाडी होती. पहिल्याच घराच्या अंगणात एक शेतकरी पूजेचं ताट घेऊन उभा होता. त्यानं यांना ओळखलं आणि मोठ्या प्रेमानं साद घातली, “रामराम मास्तर.”

यांनी दोन्ही हात जोडले.

सायकल सरळ अंगणात शिरली. हे कडब्याच्या गंजीत गेले. सायकल थांबली नाही. ती एकटीच, कुणी बसलेलं नसताना, सारवलेल्या अंगणातून डुलत डुलत पुढं गेली आणि भिंतीपाशी जिथं नांगर, कुळव, कोयते, विळे पूजेला मांडले होते तिथं नांगराला टेकून उभी राहिली. पडलीसुद्धा नाही.

मी धावत पोचले तेव्हा अंगणात कुणी हलत नव्हतं. शेतकऱ्याची आई हात जोडून सायकलीकडे बघत होती. म्हातारीला नऊ दिवसांचा कडक उपास. गालफडं बसलेली, पण डोळे लखलखीत. मी यांना कडब्यातून ओढून काढलं. गुडघा चांगलाच फुटला होता. घरच्या सुनेनं आम्हाला परसात नेलं, जखम धुतली, हळद भरली, फडकं बांधलं. आम्ही पुढं आलो तर सायकलीच्या दांड्यावर कुंकवाची पाच बोटं उठलेली, हँडलला झेंडूची माळ, घंटीवर हळद, चाकापाशी फोडलेला नारळ. घटात उगवलेल्या धानाची चार पाती सीटच्या स्प्रिंगमध्ये खोचलेली.

मी म्हातारीला म्हटलं की आजी, फार छान केलंत, आता आम्ही निघतो, उद्या पहाटे काम आहे. तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

“अगं बाय, आता न्हाई हलवायची. शिलंगण झाल्याबिगर हत्याराला हात लावायचा नसतोय. ही तर आपल्या पायानं पूजेला आली.”

शिलंगण म्हणजे सीमोल्लंघन, दसऱ्याला संध्याकाळी गावाची शीव ओलांडायची ती. साहेब भोरला वाट बघणार सकाळी सातला. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

शेतकऱ्यानं समजावून सांगितलं. पूजा अशी मोडली तर वर्षभर औताला यश नाही, असं त्यांच्यात धरतात. तुमची तुम्ही न्या म्हणाला, आम्ही अडवणार नाही. पण म्हणताना त्याचा चेहरा एवढा उतरला की नेलीच असती तर मी चोरच ठरले असते.

मी यांना गोठ्यामागं ओढलं आणि चांगली फैलावर घेतलं. सायकल खात्याची, अंगण परक्याचं, देवी त्यांची, आणि संसार मोडणार तो माझा. तुम्हाला एक हात हँडलवर ठेवता आला नाही? हे गुडघा धरून ऐकून घेत होते. मग म्हणाले की म्हातारीनं नऊ दिवस अन्न घेतलेलं नाही, तिची पूजा मोडून मला कायम व्हायचं नाही. साहेब उद्या याच रस्त्यानं जातील, तेव्हा बघू. मी रडले. सांगायला लाज कसली, भरपूर रडले. बैल रवंथ करत माझ्याकडे बघत होता. मला त्याचाही राग आला.

त्या फुटक्या गुडघ्यानं चालत भोर गाठणं शक्य नव्हतं, तेव्हा मुक्काम तिथंच पडला. बाजरीची भाकरी आणि घेवड्याची भाजी इतकी गोड लागली की रडणं अर्धवटच राहिलं. सासूबाईंना मी कुणाच्या हातचं जेवले हे कळलं असतं तर वेगळी लढाई झाली असती.

दसरा उजाडला. आम्ही अंगणाच्या तोंडाशी उभे. उन्हं थोडी वर आली आणि उतारावरून सायकली दिसल्या. सगळ्यांत पुढं एक पट्टेवाला. तो अंगणाशी येताच उडी मारून उतरला, स्वतःची सायकल कुंपणावर टाकली आणि रस्त्यात पाय रोवून उभा राहिला. मागून साहेब आले. पट्टेवाल्यानं त्यांची सायकल दोन्ही हातांनी घट्ट धरली, तेव्हा साहेब खाली आले. मला आधी वाटलं हा मान देण्याचा प्रकार असेल. मग साहेबांनी घाम पुसून सोडलेला निःश्वास ऐकला आणि लख्ख उजेड पडला. साहेबांना उतरता येत नव्हतं.

मागून बाकीचे दोन तपासनीस आले. साहेबांचा पारा चढलेला. सात वाजता का नव्हतात, सायकल कुठं आहे? शेतकऱ्यानं पुढं होऊन सगळं सांगितलं, नांगराशी उभी असलेली सायकल दाखवली. साहेबांनी ती माळ बघितली, ती पाती बघितली आणि एकदम विरघळले. तिकडे त्या नदीकाठच्या गावातही म्हणे पेरणीआधी पाद्री येऊन औतांवर मंतरलेलं पाणी शिंपडतो. म्हणजे तुमची गैरहजेरी मंजूर, म्हणाले. पूजेत अडकलेल्या सायकलीवरून मी कुणाला परत पाठवणार नाही.

मी सुटकेचा श्वास सोडला. माझी चूल, माझ्या दोन खोल्या, माझी सकाळची झोप, सगळं मला परत मिळालं होतं. तेवढ्यात म्हातारी म्हणाली की नांगर संध्याकाळीच हलेल, पण वाहनाला सकाळचं शिलंगण चालतं. जो चालवतो त्यानं उचलायची आणि शीव ओलांडायची, झालं. मी काल एवढी रडले तेव्हा का नाही सांगितलंस बाई, असं मी नंतर तिला विचारलं. ती म्हणाली, काल नवमी होती, दसऱ्याचं काल कशाला सांगू?

साहेब खूश झाले. “चला, तपासनीस. उचला तुमची सायकल.”

सगळे यांच्याकडे बघायला लागले. यांचा गुडघा फडक्यात बांधलेला होता. नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं, कुणी चकार शब्द काढला नसता. मी डोळ्यांनी खुणावत होते, गुडघा, गुडघा. यांनी माझ्याकडे बघितलं, सायकलीवरच्या कुंकवाकडे बघितलं आणि साहेबांपुढे उभे राहून म्हणाले, “साहेब, या पूजेपुढं खोटं बोलवत नाही. मला सायकल येत नाही. चालवते ती ही, माझी बायको. दोन महिने मला शिकवतेय, आणि मीच शिकत नाहीये.”

माझे कान तापले. दोन तपासनीस, पट्टेवाला, अख्खी वाडी, सगळ्यांदेखत. पुण्यात मामा झोपला असताना मी जे चोरून करत होते आणि भोरमध्ये गाव मागं टाकल्यावर करत होते, ते या माणसानं दसऱ्याच्या उन्हात मांडून ठेवलं, तेही नोकरी पणाला लावून. राग यायला हवा होता. पण मला इतकं भरून आलं की पदराचं टोक तोंडात धरावं लागलं.

साहेब काही बोलायच्या आत म्हातारीचा आवाज आला. “मंग तिनं उचलायची.” तिच्या दृष्टीनं त्यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं.

मी काष्टा घट्ट केला. सायकल उचलली, अंगणाबाहेर आणली, चढले आणि निघाले. मागं ना कुणाला धरायचं होतं, ना पळायचं होतं. समोर मोकळा रस्ता, दोन्हीकडे भात आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला दिसलं की त्या रस्त्यावरून डोंगर किती जवळ वाटतात. झेंडूची माळ माझ्या हातांवर आपटत होती. शिवेचा दगड ओलांडला, ब्रेक दाबला, उतरले. मागोमाग सायकलवर आलेल्या साहेबांची हाक ऐकू आली. ती पट्टेवाल्याला होती.

हे शेतकऱ्याच्या खांद्याचा आधार घेत लंगडत आले. साहेब दगडावर बसून विचार करत होते. अखेर म्हणाले की तपासनीस शाळेत वेळेवर पोचावा एवढंच खात्याला हवं आहे. पुढं बसून पोचला की मागं बसून पोचला, हे कुठल्याही हुकमात लिहिलेलं नाही, तेव्हा नेमणूक कायम. मग बाकीचे जरा लांब गेल्यासारखं बघून माझ्याकडे वळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “उतरायचं कसं, तेवढं जरा सांगाल का?”

त्यानंतरचा दौरा आम्ही दोघांनी केला. नसरापूर, विंझर, गुंजवणे, वेल्हे. सायकल जाईल तिथवर सायकल, पुढं पायी. मी पुढं, हे मागं कॅरियरवर, मांडीवर तपासणीची वही. भोरमध्ये तोंड दाखवायला जागा उरणार नाही असं आम्हाला वाटलं होतं. आठ दिवस लोक खिडकीतून बघत होते आणि नवव्या दिवशी काकूंनी विचारलं की नसरापूरच्या बाजारातून येताना मिरच्या आणाल का? यांची तर चैनच होती. वाटेत कुणी रामराम घातला की मागं बसून खुशाल दोन्ही हात जोडायचे. आणि मी? मी राजगड पाहिला, तोरणा पाहिला, बनेश्वराची झाडी पाहिली, धरणाचं पाणी ऐन संध्याकाळी पाहिलं. सगळं समोरून.

पुढच्या वर्षीची गोष्ट. दसरा जवळ आला होता. मी कधी नव्हे ते सकाळी लवकर उठून घाटावर धुणं घेऊन गेले होते. पलीकडच्या काठानं कुणी सायकलवर चाललं होतं. पाठ ताठ, हँडल सरळ. समोरून एक म्हातारा गवताचा भारा घेऊन आला, त्यानं रामराम घातला असणार, कारण सायकलवाल्यानं एक हात छातीशी नेला आणि दुसरा हँडलवर ठेवून मान लववली. थोडं पुढं जाऊन तो अलगद उतरला. मग इकडंतिकडं बघितलं आणि सायकल हातात धरून पुलाच्या दिशेनं चालायला लागला.

हे होते. मी पिळलेलं लुगडं तसंच हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे.

घरी आल्यावर मी लुगडं दोरीवर वाळत टाकलं. त्या दिवशी विंझरची शाळा होती. यांनी सायकल बाहेर काढली, माझ्यासाठी सीट पुसली आणि मी चढेपर्यंत हँडल धरून उभे राहिले. मग वही काखोटीला मारून मागं बसले आणि रोजच्यासारखं म्हणाले, “सावकाश हं. मला बापड्याला काही येत नाही.”

मी म्हटलं, “धरून बसा.”